एका चार्जिंगची काटकी

तुमच्या मोबाईलची बॅटरी आत्ता किती आहे? वीसच्या खाली असेल तर आधी चार्जिंगला लावा, मग पुढचं वाचा. आज आपण त्या चार्जरच्या वायरचा माग काढत राहात्यातल्या एका पेरूच्या बागेपर्यंत जाणार आहोत.

राहात्याचा पेरू तुम्ही शिर्डीला जाता-येता खाल्ला असेलच. माझ्या मामाची तिथं थोडी बाग आहे. छाटणी झाली की बांधावर काटक्यांचा डोंगर लागतो. यंदा तो ढीग बघून माझ्यातली मास कॉमची विद्यार्थिनी जागी झाली. शेवटच्या वर्षाला 'बायोमास : कचऱ्यातून शंभर टक्के हरित वीज' असं पोस्टर मी केलं होतं. मार्कही बरे पडले होते. मी ऐटीत म्हटलं, "मामी, तुझ्या बांधावर अख्ख्या आळीचं चार्जिंग पडलंय. या कचऱ्यापासून वीज होते."

मामी म्हणाली, "होऊ दे की. आणि मग मी बंबात काय घालू?"

याचं उत्तर माझ्या पोस्टरवर नव्हतं. म्हणून परत हिशेबाला बसले. तुम्हीही बसा, गणित सोपं आहे.

काटकीत किती वीज?

चांगलं वाळलेलं एक किलो लाकूड बायोमास प्लांटमध्ये जाळलं, तर साधारण पाऊण ते एक युनिट वीज मिळते. ५,००० एमएएचची बॅटरी पूर्ण भरायला, चार्जरमधला तोटा धरून, ०.०२५ युनिटच्या आसपास वीज लागते. म्हणजे एका चार्जिंगला पंचवीस-तीस ग्रॅम लाकूड. करंगळीएवढी जाड आणि वीतभर लांब पेरूची काटकी हातात घ्या. तुमचं आजचं चार्जिंग तेवढं आहे.

वीज तयार करायची पद्धत कोळशाच्या केंद्रासारखीच. लाकडाचे बारीक तुकडे करायचे, बॉयलरमध्ये जाळायचे, पाण्याची वाफ करायची आणि त्या वाफेच्या जोरावर टर्बाइन फिरवायचं. अडचण दोन ठिकाणी येते. पहिली ओलाव्याची. नुकत्याच तोडलेल्या फांदीत जवळपास निम्मं पाणी असतं. ते उडवण्यातच बरीचशी आग खर्च होते. ओलं सरपण घातलं की चूल नुसती धुमसते, तसंच. दुसरी अडचण उष्णतेची. जळणातल्या ऊर्जेपैकी वीस-पंचवीस टक्क्यांचीच वीज होते. बाकीची उष्णता धुराड्यातून आणि थंड करायच्या पाण्यातून निघून जाते.

लोणीला का जमतं?

मग ही वीज परवडते कुणाला? उत्तर राहाता तालुक्यातच आहे. लोणीजवळ प्रवरानगरचा पद्मश्री डॉ. विठ्ठलराव विखे पाटील सहकारी साखर कारखाना आहे. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं १९५० च्या सुमारास उभा राहिलेला हा कारखाना आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना म्हणून ओळखला जातो. तिथं ३० मेगावॅटचा सहवीजनिर्मिती प्रकल्प उभा राहिला. त्याचं जळण म्हणजे बगॅस, उसाचा रस काढून उरलेला चोथा.

गावाकडचं गुऱ्हाळ पाहिलंय ना? रस काढून उरलेली चिपाडं वाळवायची आणि त्यांच्याच जाळावर काहिलीतला रस आटवायचा. कारखान्यात हेच मोठ्या प्रमाणावर चालतं. एक टन उसातून साधारण २८० ते ३०० किलो बगॅस निघतो. पूर्वीचे बॉयलर कमी दाबाचे असायचे. बगॅसचे ढीग साठू नयेत म्हणून तो कसाही जाळून संपवला जायचा. आता ६७ ते ११० बार दाबाचे बॉयलर आले. आधी त्या वाफेवर वीज करायची आणि टर्बाइनमधून बाहेर पडलेली वाफ रस उकळायला वापरायची. बायोमास प्लांटमध्ये वाया जाणारी उष्णता इथं कामाला लागते. चांगल्या प्रकल्पात एका टन उसामागे शंभरेक युनिट वीज निघते. त्यातली काही कारखाना वापरतो आणि उरलेली विकतो. अशा कारखान्यांमुळे महाराष्ट्राची सहवीजनिर्मितीची क्षमता २,५०० मेगावॅटच्या पुढे गेली आहे.

यातली खरी गंमत वाहतुकीची आहे. ऊस साखरेसाठी कारखान्यात येतोच, बगॅस त्याच्यासोबत फुकट येतो. जळण गोळा करायला वेगळा ट्रॅक्टर लागत नाही.

शंभर ट्रॉल्या, रोज

आता साखर कारखाना बाजूला ठेवा आणि फक्त काटक्यांवर चालणारा दहा मेगावॅटचा प्लांट डोळ्यांपुढे आणा. त्याला तासाला दहा-बारा टन जळण लागेल, म्हणजे दिवसाला अडीचशे टन. सुटा काटेरी पाला आणि फांद्या जागा फार खातात. ट्रॉली शिगोशीग भरली तरी वजन दोन-अडीच टनांच्या पुढे जात नाही. म्हणजे रोज शंभर ट्रॉल्या. दर पंधरा मिनिटांना एक, रात्रीसुद्धा.

एका एकराच्या छाटणीतून एक ट्रॉली निघते असं धरलं, तर रोज शंभर एकर बाग आणि वर्षाला छत्तीस हजार एकर. एवढ्या पेरूच्या बागा आणायच्या कुठून? मग प्लांटवाले सोयाबीनचं भुसकट, तुरीच्या तुऱ्हाट्या, कपाशीच्या पऱ्हाट्या, वेडी बाभूळ असं मिळेल ते घेतात. काल फुकट पडलेल्या वस्तूला आज गिऱ्हाईक मिळालं की तिचा भाव चढतो. शेतकऱ्याला चार पैसे मिळतात, हे चांगलंच. पण त्याच पऱ्हाट्यांवर ज्या बाईची चूल पेटते, तिचं सरपण महाग होतं. तिच्या नावानं कुठलीही पावती फाटत नसते, त्यामुळे प्रकल्पाच्या हिशेबात ती दिसतही नाही.

मामीचा बंबाचा प्रश्न हाच होता.

पाचटाचं काय करायचं?

'कचरा' हा शब्द किती फसवा आहे, हे उसाच्या पाचटावरून कळतं. ऊस तुटला की वाढे जनावरांच्या चाऱ्याला जातात आणि एका हेक्टरात आठ-दहा टन पाचट उरतं. आपल्याकडे रात्री शेतं पेटलेली दिसतात ती याचीच. धूर होतो, पाचटातला नत्र हवेत जातो आणि जमिनीवरचे जीव मरतात. तेव्हा तुम्ही म्हणाल, शेतात जाळण्यापेक्षा बॉयलरमध्ये जाळलेलं काय वाईट?

शेतात जाळण्यापेक्षा ते नक्कीच बरं. पण तिसरा पर्यायही आहे. कृषी शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं सांगतायत की पाचट सरीतच ठेवा, कुजू द्या. त्यात साधारण अर्धा टक्का नत्र असतो, म्हणजे हेक्टरी चाळीस-पन्नास किलो. शिवाय जमिनीत ओल टिकते. ज्या जिल्ह्यात आवर्तन कधी सुटणार यावर गप्पा रंगतात, तिथं ओल टिकणं म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको.

आणि गंमत म्हणजे बॉयलरलाही पाचट फारसं आवडत नाही. त्यात पोटॅश आणि क्लोरीन जास्त असतं. राख वितळून नळ्यांना चिकटते. बगॅसमधला बराचसा पोटॅश रसाबरोबर धुऊन गेलेला असतो, म्हणून तो नीट जळतो.

सातासमुद्रापारचं लाकूड

हा घोळ आपल्याकडेच आहे असं समजू नका. इंग्लंडमधल्या यॉर्कशायरमध्ये ड्रॅक्स नावाचं वीज केंद्र आहे. ते पूर्वी कोळशावर चालायचं, आता लाकडाच्या पेलेट्सवर चालतं. क्षमता सुमारे २,६०० मेगावॅट, म्हणजे आपल्या राज्यातल्या सगळ्या साखर कारखान्यांच्या सहवीजनिर्मितीएवढी जवळपास. त्याला वर्षाला साठ लाख टनांहून जास्त पेलेट्स लागतात आणि त्यातल्या बहुतेक अमेरिका-कॅनडातून जहाजानं येतात. कंपनी म्हणते, आम्ही भुसा आणि जंगलातलं टाकाऊ लाकूड वापरतो. २०२२ मध्ये बीबीसीच्या 'पॅनोरमा' कार्यक्रमानं दाखवलं की कॅनडातल्या जुन्या जंगलांतले ओंडकेही त्यात जातात. २०२४ मध्ये कॅनडातल्या लाकडाची आकडेवारी नीट न दिल्याबद्दल कंपनीनं २.५ कोटी पौंड भरायचं मान्य केलं. सरकारी अनुदान चुकीचं घेतल्याचं मात्र तिथल्या नियामकाला आढळलं नाही.

जळताना लाकूडही कार्बन सोडतंच. नवं झाड वाढताना तो परत शोषून घेईल, या भरवशावर आपण त्याला हरित म्हणतो. ऊस हे काम वर्ष-दीड वर्षात करतो. पेरूला छाटणीनंतर त्याच हंगामात नवी फूट येते. मोठं झाड तोडलं तर मात्र तीस-चाळीस वर्षं थांबावं लागतं. एकाच 'बायोमास' शब्दात ही तिन्ही मावतात, तिथंच घोटाळा होतो.

आपल्याकडे हा विषय आता वाढणार आहे. कोळशाच्या केंद्रांनी ठराविक टक्के बायोमास पेलेट्स मिसळाव्यात, असं धोरण केंद्रीय ऊर्जा मंत्रालयानं २०२१ मध्ये आणलं. सुरुवात पाच टक्क्यांपासून. तुमच्यापैकी कुणी इंजिनिअरिंगला असेल, कुणी ॲग्रीला. उद्या अशाच प्रोजेक्टवर कामाला लागाल. तेव्हा तीन प्रश्न विचारा. हे जळण आपण घेतलं नसतं, तर त्याचं काय झालं असतं? ते किती लांबून आणि किती डिझेल जाळून येतंय? आणि आजपर्यंत ते कोण वापरत होतं?

प्रवरानगरचा बगॅस या तिन्ही प्रश्नांत बऱ्यापैकी पास होतो. ड्रॅक्सचं लाकूड दुसऱ्याच प्रश्नाला अडखळतं. माझं पोस्टर तर तिसऱ्या प्रश्नालाच नापास झालं.

बांधावरच्या ढिगाचं काय झालं म्हणता? जाड फांद्या मामीच्या बंबासाठी पडवीत गेल्या. छाटणीला आलेल्या दोघींनी दोन मोळ्या बांधून नेल्या. उरलेला बारीक पाला-काटक्या मामानं झाडांच्या आळ्यात आच्छादन म्हणून पसरल्या. वीज एक युनिटसुद्धा झाली नाही आणि वाया काहीही गेलं नाही.

माझ्या पोस्टरची फाइल अजून लॅपटॉपमध्ये आहे. त्यातलं 'शंभर टक्के' मी खोडलंय. 'कचऱ्यातून' या शब्दापुढे प्रश्नचिन्ह टाकलंय. तुमच्या कॅम्पसवरही झाडांची छाटणी होतच असेल. तो ढीग नंतर कुठे जातो, एकदा शिपाईकाकांना विचारून बघा.