अवधान-विचलन, बालकर्करुग्णांच्या शुश्रूषेतील

कर्करोग झालेल्या मुलावर वेदनादायक वैद्यकीय क्रिया चालू असताना त्याचे लक्ष सुई, वेदना व भीती यांपासून हेतुपुरस्सर दुसऱ्या आकर्षक गोष्टीकडे वळविण्याच्या शुश्रूषापद्धतीस ‘अवधान-विचलन’ म्हणतात. ही पद्धत वेदनाहारक औषधांस पूरक आहे. त्यांचा पर्याय नव्हे.

मुलांमध्ये आढळणाऱ्या कर्करोगांत तीव्र लिंफोब्लास्टिक ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगाचे प्रमाण सर्वांत अधिक असते. त्यावरील उपचार सामान्यतः २ ते ३ वर्षे चालतात. या काळात रक्त काढणे, शिरेतून औषध देणे, अस्थिमज्जेचा नमुना घेणे, कमरेच्या मणक्यांमधून सुई घालून मस्तिष्क-मेरुद्रव काढणे इ. क्रिया वारंवार कराव्या लागतात. पहिला अनुभव क्लेशकारक ठरल्यास पुढील प्रत्येक खेपेस भीती वाढत जाते. म्हणून आरंभापासूनच काळजी घेणे महत्त्वाचे असते.

रोनाल्ड मेल्झॅक व पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या द्वार-नियंत्रण सिद्धांतानुसार वेदनेच्या संदेशांचे नियमन मेरुरज्जूत होते व त्यावर मेंदूकडून येणाऱ्या संदेशांचाही परिणाम होतो. त्यामुळे अवधान दुसरीकडे गुंतल्यास वेदनेची जाणीव कमी होऊ शकते.

साधन वयानुरूप निवडतात. तान्ह्या मुलांसाठी आईची मांडी, गाणे व खुळखुळा. लहान मुलांसाठी साबणाचे फुगे व चित्रांची पुस्तके. शालेय मुलांसाठी कोडी, उलटी गणती व शोभादर्शक. किशोरांसाठी संगीत, गप्पा वा आभासी वास्तवाचे उपकरण उपयोगी पडते. फुगे फुंकताना श्वास सावकाश सोडला जातो व स्नायूंचा ताण उतरतो. रोगप्रतिकारशक्ती क्षीण झालेली असल्याने खेळणी धुता येण्याजोगी असावी लागतात.

सूझन जे व त्यांचे सहकारी यांनी अमेरिकेत केलेल्या व १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, श्वसनाचा सराव, कल्पनाचित्रे व पूर्वतालीम यांचा एकत्रित कार्यक्रम मिळालेल्या ल्युकेमियाग्रस्त मुलांना अस्थिमज्जा काढताना झालेला क्लेश, त्याच मुलांनी क्रियेपूर्वी केवळ व्यंगचित्रपट पाहिला असतानाच्या क्लेशापेक्षा कमी आढळला. यावरून पूर्वतयारीचे महत्त्व दिसून येते.

काय होणार हे परिचारिकेने मुलाला सोप्या शब्दांत आधीच सांगावे. ‘मुळीच दुखणार नाही’ असे खोटे आश्वासन दिल्यास त्याचा विश्वास उडतो. काही मुलांना सुईकडे पाहत राहिल्यानेच धीर येतो. त्यांच्यावर बळजबरी करू नये. तसेच खेळात रमलेले शांत मूल वेदनामुक्त असेलच असे नाही. म्हणून वेदनेविषयी त्यालाच विचारावे व आवश्यक ते औषध द्यावे.