लघुसंगणक फलकांवरील यूएसबी चालकांचे दोषशोधन

रास्पबेरी पाय, बीगलबोन ब्लॅक यांसारख्या एकफलकी संगणकांना यूएसबीने जोडलेले उपकरण चालेनासे झाल्यास दोषाचे स्थान निश्चित करण्याच्या पद्धतीस यूएसबी चालकांचे दोषशोधन म्हणतात. चालक (ड्रायव्हर) हा लिनक्सच्या कर्नलमधील, विशिष्ट उपकरणाशी संवाद साधणारा आज्ञासंच असतो. उपकरण दिसेनासे झाले की पहिला संशय चालकावर जातो; प्रत्यक्षात दोष पुष्कळदा अपुऱ्या विजेचा, केबलचा किंवा भलत्याच चालकाने उपकरण ताब्यात घेतल्याचा असतो. म्हणून शोध केबलपासून सुरू करून चालकापर्यंत नेणे श्रेयस्कर ठरते.

हवामान, पाण्याची पातळी किंवा जहाजांचे संदेश टिपण्यासाठी असे फलक देखरेखीविना दीर्घकाळ चालू ठेवता येतात. मात्र यूएसबी उपकरण बंद पडले तरी फलकाचा दिवा लागलेलाच राहतो, आणि हुकलेल्या दिवसांची नोंद पुन्हा मिळत नाही.

पार्श्वभूमी

यूएसबी मानकाची पहिली आवृत्ती जानेवारी १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर अजय भट्ट यांचा इंटेल कंपनीत या मानकाच्या निर्मितीत प्रमुख वाटा होता. रास्पबेरी पाय फेब्रुवारी २०१२ मध्ये बाजारात आला. त्याच्या मॉडेल बीवर सर्व यूएसबी पोर्ट आणि इथरनेट एकाच मार्गाने प्रोसेसरशी जोडलेले होते. त्यामुळे एका उपकरणातील बिघाडाचा त्रास जाळ्याच्या जोडणीलाही होई. जून २०१९ मधील पाय ४ मध्ये ही रचना बदलली.

वीज, केबल आणि खारी हवा

पाय ४ आपल्या चारही यूएसबी पोर्टना मिळून सुमारे १.२ अँपिअर प्रवाह देऊ शकतो. दोन हार्डडिस्क जोडल्या की ही मर्यादा सहज ओलांडली जाते. पुरवठ्याचा दाब सुमारे ४.६३ व्होल्टच्या खाली गेल्यास कर्नल तशी सूचना नोंदवतो. ही नोंद आढळल्यास चालकाची चिकित्सा थांबवून आधी वीजपुरवठा बदलावा. वेगळा वीजपुरवठा असलेला हब हा यावरचा खात्रीचा उपाय होय. काही केबलींमध्ये केवळ चार्जिंगच्या तारा असतात, माहिती वाहणाऱ्या नसतात. अशा केबलने उपकरणाचा दिवा लागतो, पण कर्नलच्या नोंदवहीत (डीमेसेज आज्ञेने दिसणाऱ्या) एक ओळही उमटत नाही.

उरण, अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन या रायगडच्या किनारपट्टीवर खाऱ्या दमट हवेची भर पडते. पितळेच्या भांड्यावर कळंक चढावा तसा यूएसबीच्या स्पर्शपट्ट्यांवर हिरवट थर चढतो. उपकरण कधी ओळखले जाते, कधी नाही. नोंदवहीत त्रुटी −७१ (संवादाचे नियम मोडले) किंवा −११० (उत्तराची मुदत संपली) वारंवार दिसते. या दोन्ही त्रुटी वरकरणी चालकाच्या वाटतात. परंतु केबल बदलून पाहण्यापूर्वी आज्ञावली पुन्हा बसवण्यात वेळ दवडू नये.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर धडकले आणि रायगडमधील अनेक गावांचा वीजपुरवठा खंडित झाला. अशा प्रसंगानंतर आणखी एक अडचण संभवते. पाय ४ पर्यंतच्या फलकांवर बॅटरीवर चालणारे घड्याळ नसते. इंटरनेट परत येईपर्यंत त्यांची वेळ चुकीची राहते, आणि बिघाड केव्हा झाला हे नोंदवहीवरून ताडता येत नाही.

उपकरणाची ओळख

प्रत्येक यूएसबी उपकरण निर्माता व उत्पादन यांचे दोन षोडशमान क्रमांक कळवते. एलएसयूएसबी आज्ञेने ते दिसतात. उपकरण यादीत नसेल तर दोष केबल वा विजेकडे; यादीत असून कोणताही चालक जोडला गेला नसेल तरच चालकाचा प्रश्न उद्भवतो. तिसरी शक्यता अधिक फसवी असते: चालक जोडलेला असतो, पण नको तो.

न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदराकडे येणारी जहाजे स्वयंचलित ओळख प्रणालीचे (एआयएस) संदेश १६१.९७५ व १६२.०२५ मेगाहर्ट्झवर प्रसारित करतात. हे संदेश आरटीएल२८३२यू चिप असलेल्या स्वस्त यूएसबी ग्राहकाने टिपता येतात. (बिनतारी यंत्रांच्या परवान्याचे नियम हा स्वतंत्र विषय आहे.) ही चिप मुळात दूरचित्रवाणीसाठी बनवलेली असल्याने लिनक्स तिला दूरचित्रवाणीचा चालक जोडतो, आणि रेडिओच्या आज्ञावलीला 'उपकरण व्यस्त आहे' असे उत्तर मिळते. येथे चालक अगदी निर्दोष असतो. त्याचे नाव मॉडप्रोबच्या वर्ज्य यादीत घालून फलक पुन्हा सुरू केल्यास ग्राहक मोकळा होतो.

आर्डुइनोच्या स्वस्त प्रतिकृतींवरील सीएच३४० चिपबाबत असाच घोळ उबुंटू २२.०४ मध्ये झाला. तिचा क्रमांक ब्रेलपटाच्या एका उपकरणाशी जुळत असल्याने ब्रेलटीटीवाय ही आज्ञावली तिला बळकावत असे. सीरियल पोर्ट क्षणभर दिसून नाहीसा होई. ही आज्ञावली काढून टाकावी असा सल्ला सर्रास दिला जातो. मात्र तो संगणक अंध व्यक्ती वापरत असेल, तर त्या सल्ल्याने तिचे वाचनाचे साधनच जाते. केवळ त्या क्रमांकाचा यूडेव्ह नियम निष्क्रिय करणे अधिक योग्य.

कर्नल बदलल्यानंतर

निर्मात्याकडून स्वतंत्रपणे मिळणारे चालक, विशेषतः वाय-फाय डोंगलचे, एका विशिष्ट कर्नलसाठी संकलित केलेले असतात. कर्नल अद्ययावत झाला की ते निरुपयोगी होतात. डीकेएमएस ही सुविधा त्यांचे पुनर्संकलन आपोआप करते. इंटेल प्रोसेसरसाठी संकलित केलेला चालक आर्म प्रोसेसरच्या फलकावर मुळीच चालत नाही.

नावे आणि परवानग्या

सीरियल उपकरण उघडण्यासाठी डेबियनवर आधारित प्रणालींत वापरकर्ता 'डायलआउट' गटात असावा लागतो. उपकरणांची टीटीवाययूएसबी० व टीटीवाययूएसबी१ ही नावे ती सापडण्याच्या क्रमाने ठरतात. वीज जाऊन आल्यावर त्यांची अदलाबदल होऊ शकते आणि पर्जन्यमापकाच्या स्तंभात वाऱ्याचा वेग नोंदला जाऊ शकतो. यूडेव्हने दिलेली स्थिर नावे वापरल्यास हे टळते. मात्र सीएच३४० चिपला सहसा स्वतःचा अनुक्रमांक नसतो. दोन सारखी उपकरणे असल्यास ती पोर्टच्या जागेवरूनच ओळखावी लागतात, त्यामुळे कोणती केबल कोणत्या पोर्टमध्ये घालायची हे पेटीवर लिहून ठेवणे आवश्यक असते.