पंधरा वेळा मोजलेलं ठाणे

पालघर जिल्हा ठाण्यातून वेगळा झाला १ ऑगस्ट २०१४ रोजी. साहजिकच २०११च्या जनगणनेच्या तक्त्यात तो नाही. तिथे महाराष्ट्राचे जिल्हे ३५, आजच्या पावसाच्या तक्त्यात ३६. हे दोन तक्ते एका डॅशबोर्डवर जोडले, की पालघरचा पाऊस दिसतो आणि लोकसंख्येचा रकाना कोरा राहतो. ठाण्यापुढे मात्र १,१०,६०,१४८ माणसं उभी असतात, अख्ख्या जुन्या जिल्ह्याची.

तरीही, एकमेकांची दखल न घेता तयार झालेले तक्ते मुळात जोडता येतात, हेच मला विलक्षण वाटतं. त्यांना एक सामाईक रकाना पुरतो. १९७० साली आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेतल्या एडगर कॉड यांनी ही कल्पना मांडली. तोवर बहुतेक ठिकाणी एका नोंदीवरून दुसरीकडे जायची वाट प्रोग्रामरला आधीच आखून ठेवावी लागे. कॉड यांनी ती वाटच काढून टाकली: दोन ओळींमध्ये तीच किंमत आहे ना, मग त्या एकमेकींच्या. १९८१मध्ये त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. आज डॅशबोर्ड बनवायच्या पॉवर बीआयसारख्या साधनात आपण माउसने दोन तक्त्यांमध्ये रेघ ओढतो, तिच्या एका टोकाला १ आणि दुसऱ्या टोकाला चांदणी दिसते. त्या रेघेमागे कॉडच आहेत.

ती १ आणि चांदणी नीट पाहावी: इकडे एकच ओळ, तिकडे अनेक. २०११ साली ठाणे जिल्ह्यात १५ तालुके होते. जिल्ह्याची ओळ तालुक्यांच्या यादीला चिकटवून एकच तक्ता केला, तर तोच आकडा पंधरा ओळींत उतरतो. आता बेरीज करा: १६,५९,०२,२२०. सगळ्या महाराष्ट्राची लोकसंख्या तेव्हा ११,२३,७४,३३३ होती! एकही आकडा चुकीचा नाही, सूत्रही बरोबर, आणि एक जिल्हा राज्याहून मोठा. तक्ते वेगळे ठेवून नुसती रेघ ओढली, तर जिल्ह्याचा आकडा एकदाच मोजला जातो.

बरं, जोडायचं कशावरून? नावावरून जोडायचा मोह होतोच. पण उस्मानाबादचं धाराशिव झालं, अहमदनगरचं अहिल्यानगर. त्याहून गमतीचं कऱ्हाड. त्यातला ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: एकच अक्षर म्हणून, किंवा ‘र’ आणि खाली नुक्ता असा. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. पण दोन्ही आधी एकाच रूपात आणले नाहीत, तर संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी गावं!

म्हणून कोड. केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत राज्यापासून गावापर्यंत प्रत्येकाला क्रमांक दिलेला आहे. नाव बदललं तरी ओळख टिकते.

जिल्हाच दुभंगला तर मात्र कोडही पुरत नाही, एक पायरी खाली उतरावं लागतं. वसई, पालघर, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा, विक्रमगड या आठ तालुक्यांची २०११ची बेरीज २९,९०,११६. उरलेल्या सात तालुक्यांची ८०,७०,०३२. दोन्ही मिळून तेच १,१०,६०,१४८, एका माणसाचाही फरक नाही. जन्माला यायच्या आधीची पालघरची लोकसंख्या अशी हाती लागते.

जिल्ह्या-तालुक्यांचे तक्ते प्रसिद्ध करणाऱ्या सगळ्यांना एकच विनंती: नावाशेजारी कोडचा रकाना द्या, आणि तालुक्यांचे आकडे जिल्ह्यात मिसळून टाकू नका.