इंजिन एका घरचे, गाडी दुसऱ्या घरची

मोटारीचे मूळ इंजिन उतरवून त्या जागी दुसऱ्या मॉडेलचे किंवा दुसऱ्या कंपनीचे इंजिन बसवण्याला हौशी मेकॅनिक 'इंजिन स्वॅप' म्हणतात, आणि अशा जोडणीतून तयार झालेल्या गाडीला १९९० च्या दशकात अमेरिकेतील होंडाप्रेमींनी 'हायब्रिड' हे नाव दिले; बॅटरीवर आणि पेट्रोलवर चालणाऱ्या आजच्या हायब्रिड मोटारींशी त्याचा संबंध नाही. या छंदाचे मूळ दक्षिण कॅलिफोर्नियात शोधले जाते आणि ते योग्यच आहे. मात्र ज्या तांत्रिक अडचणींतून तो घडला, त्या अडचणी शिरूर तालुक्यातील कारेगाव-रांजणगावच्या औद्योगिक पट्ट्यालाही चांगल्याच परिचयाच्या आहेत.

होंडाने १९८९ मध्ये जपानमधील इंटेग्रा मोटारीत बी१६ए हे १६०० घनसेंटिमीटरच्या आतले पेट्रोल इंजिन आणले, ज्याची ताकद १६० अश्वशक्ती होती. त्याचे रहस्य व्हीटेक या रचनेत होते. इंजिनाच्या झडपा ज्या दंडगोल कॅमशाफ्टमुळे उघडतात, त्यावर प्रत्येक जोडीसाठी कमी उंचीचे आणि जास्त उंचीचे असे दोन्ही प्रकारचे उंचवटे दिलेले असत; फेऱ्या वाढल्या की तेलाच्या दाबाने एक खिळी सरकून झडपा मोठ्या उंचवट्याच्या ताब्यात जात, अधिक वेळ आणि अधिक उघडत, आणि त्यामुळे शहरात शांत चालणारे इंजिन वरच्या फेऱ्यांवर शर्यतीच्या इंजिनासारखे श्वास घेई. जपानी सिव्हिकला हे इंजिन मिळाले; अमेरिकेत त्याच पिढीच्या सर्वांत जोरकस सिव्हिकलाही १०८ अश्वशक्तीवर भागवावे लागले.

दोन्ही देशांतील गाड्यांचा सांगाडा मात्र जवळजवळ एकच होता, आणि इथेच स्वॅपचे बीज पडले. जपानमध्ये 'शाकेन' नावाची सक्तीची तपासणी नव्या गाडीला तीन वर्षांनी आणि पुढे दर दोन वर्षांनी करावी लागते. तिचा खर्च भारी असल्याने चांगल्या अवस्थेतील अनेक गाड्या लवकर मोडीत जातात आणि त्यांची इंजिने परदेशी रवाना होतात. अशी इंजिने अमेरिकेत पोहोचली, तेव्हा ती सिव्हिकमध्ये बसवणे म्हणजे जपानच्या कारखान्यात झालेलेच काम घरच्या गॅरेजात पुन्हा करणे होते.

तरीही ते काम सोपे नव्हते. इंजिन ज्या रबरी आधारांवर टेकते, ते 'माउंटिंग' वेगळ्या जागी येत. चाकांपर्यंत फिरकी नेणाऱ्या शाफ्टची लांबी आणि दाते जुळावे लागत. क्लच जुन्या गिअरबॉक्सवर तारेने, तर नंतरच्या बी-मालिकेत द्रवदाबाने चाले. आणि इंधन किती व ठिणगी केव्हा हे ठरवणाऱ्या ईसीयू या संगणकाला नव्या इंजिनाच्या संवेदकांच्या तारा एकेक करून जोडून द्याव्या लागत. पुढे २००१ मध्ये होंडाची के-मालिका आली, तेव्हा हे गणित आणखी अवघड झाले, कारण होंडाची जुनी इंजिने इतर बहुतेक कंपन्यांच्या उलट दिशेने फिरत आणि नवे इंजिन सर्वांच्या दिशेने फिरू लागल्याने इंजिन व गिअरबॉक्सच्या बाजूच बदलल्या. जुन्या सिव्हिकमध्ये हे इंजिन बसवणाऱ्यांसाठी तयार माउंटिंग बनवणारे छोटे कारखाने याच गरजेतून वाढले.

भारतात मात्र ही वाट वेगापेक्षा इंधनाच्या खर्चातून निघाली. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महागले, आणि आकुर्डीच्या बजाज टेम्पोच्या मेटाडोरचे किंवा पर्किन्सचे डिझेल इंजिन अ‍ॅम्बॅसेडरमध्ये आणि जीपमध्ये बसवण्याचा धंदा गॅरेजांतून फोफावला. डिझेल इंजिन जड, त्याचा दाब-अनुपात पेट्रोल इंजिनाच्या दुपटीहून अधिक आणि फेऱ्यांची कमाल मर्यादा कमी. त्यामुळे पुढचे स्प्रिंग दबत, थरथर अंगावर येई, आणि डिफरन्शियलचे गुणोत्तर बदलले नाही तर गाडीचा वेग ओसरे. ज्या मिस्त्रींनी हे प्रश्न मोजपट्टी आणि वेल्डिंगच्या बळावर सोडवले, त्यांचे ज्ञान पुस्तकात फारसे उतरले नाही, ही मराठी तंत्रलेखनातील मोठी उणीव म्हणावी लागेल.

कंपन्याही हेच करत होत्या. मुंबईच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९८५ मध्ये फियाट १२४ च्या धर्तीच्या सांगाड्यात निसानचे ११७१ घनसेंटिमीटरचे इंजिन बसवून ११८ एनई ही गाडी बाजारात आणली. नावातील 'एनई' ही अक्षरे निसानच्या इंजिनाचीच होती. हिंदुस्तान मोटर्सच्या काँटेसाचा व्हॉक्सहॉलकडून आलेला भारदस्त सांगाडा जुन्या १४८९ घनसेंटिमीटरच्या इंजिनाला ओढवेना, तेव्हा पुढे तिला इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन मिळाले. परवान्यांच्या काळात संपूर्ण नवी गाडी घडवण्यापेक्षा दोन ठिकाणचे भाग एकत्र आणणे परवडत असे.

या प्रकाराचा सर्वांत विस्तृत नमुना रांजणगावात घडला. फियाट आणि टाटा यांच्या संयुक्त कंपनीच्या इथल्या कारखान्यात १.३ लिटरचे, नेमके १२४८ घनसेंटिमीटरचे, मल्टिजेट डिझेल इंजिन बनत असे. 'कॉमन रेल' म्हणजे सर्व नळकांड्यांना मिळून असलेल्या एका नळीत अतिशय मोठ्या दाबाखाली इंधन साठवून ते एका चक्रात पाचपर्यंत छोट्या फवाऱ्यांत सोडणे, ही त्याची खूण. पहिला छोटा फवारा ज्वलन हळुवार सुरू करतो, म्हणून डिझेलची खडखड कमी होते. फियाटच्या लिनिया आणि पुंटोमध्ये, टाटाच्या इंडिका व्हिस्टा आणि मांझामध्ये, शेवरले सेलमध्ये आणि प्रीमियरच्या रिओमध्ये हेच इंजिन होते. रिओ मूळची चिनी झोत्येची गाडी, पिंपरी-चिंचवडला जोडली जाणारी. मारुतीच्या स्विफ्टचे डिझेल इंजिन मानेसरला परवान्याखाली बने. मागणी पुरेना, तेव्हा जानेवारी २०१२ मध्ये मारुतीने रांजणगावातून वर्षाला एक लाख इंजिने घेण्याचा करार केला.

इंजिन एक असले तरी प्रत्येक गाडीसाठी माउंटिंग, गिअरचे गुणोत्तर, टर्बोचार्जर आणि ईसीयूची आकडेवारी नव्याने बसवावी लागे, म्हणून स्विफ्टमध्ये ते ७५ अश्वशक्ती देई, तर पाकळ्यांचा कोन बदलणारा टर्बो लावल्यावर मांझा आणि लिनियामध्ये ९० च्या घरात जाई. गॅरेजातील कारागीर अंदाजाने जे जुळवतो, ते इथे चाचणीकक्षात महिनोन्‌महिने मोजून जुळवले जाई, एवढाच फरक. प्रश्नांची यादी तीच होती. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे निकष लागू झाले आणि भारतातील हे इंजिन थांबले.

हौशींच्या वाट्याला मात्र कायद्याची बंद दारे आली. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही भूमिका स्पष्ट केली. सुरक्षिततेची चिंता रास्त आहे. दीडपट ताकदीचे इंजिन जुन्याच ब्रेकवर चालवणे धोक्याचे असते. पण कॅलिफोर्नियात नवे इंजिन गाडीच्याच सालाचे किंवा त्यानंतरचे असेल आणि मूळ प्रदूषण-नियंत्रणाच्या साऱ्या उपकरणांसह बसवले असेल, तर शासकीय पंच ते तपासून मंजुरी देतो. बंदीपेक्षा ही तपासणी अधिक शहाणपणाची आहे. इंधन बदलणाऱ्या सीएनजीच्या किंवा विजेच्या संचांना आपल्या कायद्यात सवलत आहे आणि पुण्यातील एआरएआय ही संस्था अशा संचांची चाचणीही घेते. गॅरेजात कसोशीने बसवलेल्या एका इंजिनाला त्याच चाचणीकक्षात उभे राहण्याची सोय व्हायला हवी.