एका फिर्यादीचा दिल्लीपर्यंतचा प्रवास

इगतपुरीला गाडी थांबली की डब्यात चढउतार होते, चहावाले येतात आणि त्या गडबडीत एखाद्याची बॅग जाते. ती कुठून गेली यावर देशाच्या गुन्ह्यांच्या हिशेबातली तिची जागा ठरते. डब्यातून गेली तर फिर्याद लोहमार्ग पोलिसांकडे. स्टेशनबाहेर रिक्षात बसताना गेली तर इगतपुरी पोलीस ठाण्यात, म्हणजे नाशिक ग्रामीणमध्ये. अंतर चार पावलांचं, पण राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या, म्हणजे एनसीआरबीच्या, जिल्हावार तक्त्यांत या दोन निरनिराळ्या ओळी आहेत. हे तक्ते मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा चकित झालो. त्यांत 'मुंबई रेल्वे' नावाचा जिल्हा भेटतो, 'नागपूर रेल्वे' भेटतो. रूळ, फलाट आणि धावते डबे एवढाच भूभाग असलेले जिल्हे! नाशिकही तिथे एक नाही. शहर आयुक्तालय निराळं, ग्रामीण निराळं.

ठाणे अंमलदार फिर्याद लिहून घेतो आणि तिला गुन्हा रजिस्टर नंबर पडतो. दर जानेवारीत तो पुन्हा एकपासून सुरू होतो. पूर्वी महिन्याच्या महिन्याला कागदी तक्ते भरून वर जात. महाराष्ट्रात २०१५ पासून सीसीटीएनएस ही संगणक प्रणाली आली आणि ठाण्यातली नोंद थेट जाळ्यात जाऊ लागली. तिथून जिल्हा, मग पुण्याला सीआयडी, मग दिल्ली. एनसीआरबी १९८६ सालची, पण 'क्राइम इन इंडिया' हा वार्षिक अहवाल १९५३ पासून निघतोय. २०२२ साली त्यात ५८,२४,९४६ दखलपात्र गुन्हे मोजले गेले. लाखांच्या त्या आकड्यात शेवटचा सहासुद्धा गोल केलेला नाही, याचं मला फार अप्रूप वाटतं. तोही कुठल्या तरी ठाण्यातल्या खऱ्या फिर्यादीचा आहे.

मोजण्याचे नियमही थक्क करणारे आहेत. चोर घरात शिरला, त्याने दागिने उचलले आणि अडवणाऱ्याचा खून केला, तर फिर्यादीत कलमं अनेक लागतात, पण तक्त्यात गुन्हा एकच पडतो : खून. सर्वांत गंभीर कलम धरायचं, बाकीची सोडायची. अमेरिकेत एफबीआयनेही १९३० पासून अनेक दशकं असंच मोजलं आणि २०२१ मध्ये ती रीत सोडून दिली. आपल्याकडे ती आजही आहे. म्हणजे त्या घरफोडीचा अहवालात मागमूस राहत नाही. फोन चोरीला न जाता 'गहाळ' झाला असं लिहिलं गेलं, तर तो गुन्ह्यांत येतच नाही. अदखलपात्र तक्रारी, ज्यांना सगळे 'एनसी' म्हणतात, त्याही या बेरजेबाहेर.

आणि १ जुलै २०२४ पासून कायदाच बदलला. नव्या भारतीय न्याय संहितेत खुनाचं ३०२ हे कलम १०३ झालं, चोरीचं ३७९ हे ३०३ झालं. गुन्हा घडला त्या वेळचा कायदा लागतो. त्यामुळे ३० जूनच्या रात्री बारा वाजायच्या आत फलाटावर बॅग गेली असेल तर ३७९, बारानंतर गेली असेल तर ३०३. एकाच वर्षाचा तक्ता दोन कायद्यांत विभागलेला.

पण या आकड्यांची खरी जात कळते ती २०२० मध्ये. टाळेबंदीत माणसं घरात होती, चोऱ्या घटल्या, स्त्रियांवरील नोंदलेले गुन्हेही घटले. तरी देशातले एकूण गुन्हे २०१९ च्या ५१,५६,१५८ वरून ६६,०१,२८५ वर गेले! कारण सरकारी आदेश मोडल्याचं जुन्या कायद्यातलं कलम १८८. त्याखाली आदल्या वर्षी २९,४६९ गुन्हे होते, त्या वर्षी ६,१२,१७९ झाले. शिवाय इतर कायद्यांखालचे टाळेबंदीचे गुन्हे वेगळेच. देश एकाएकी दुष्ट झाला नव्हता, पोलिसांची लेखणी निराळ्या गोष्टीवर चालली होती. गुन्हे वाढणं आणि गुन्ह्यांची नोंद वाढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं एनसीआरबी स्वतःच्या अहवालात सांगते.

म्हणून 'गुन्हे वाढले' अशी बातमी वाचली की मी आधी विचारतो : कोणते, आणि कुणी नोंदवले? इगतपुरी तालुक्यातल्या एखाद्या पाड्यावरची बाई नवऱ्याच्या मारहाणीची फिर्याद द्यायला पोलीस पाटलासोबत घोटीच्या ठाण्यात पोचली, तर नाशिक ग्रामीणचा आकडा एकाने वाढेल. तो एक वाढावा असं मला मनापासून वाटतं.