गॅस टर्बाइनचे वस्त्रगाळ

वैद्याच्या घरी चूर्ण वस्त्रगाळ करताना आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. चाळणीतून जे उतरते त्यावर वैद्यबुवा समाधान मानीत नाहीत. ते फडके ताणून धरतात आणि त्यातून जेवढे खाली येईल तेवढ्यालाच औषध म्हणतात. आज आम्हांला ज्या वस्त्रगाळाविषयी सांगावयाचे आहे ते औषधाचे नव्हे, हवेचे आहे. आणि ज्याच्यासाठी ही खटपट, तो रोगी म्हणजे वीज निर्माण करणारे गॅस टर्बाइन होय.

या यंत्राची रचना थोडक्यात अशी. पुढे हवा ओढून दाबणाऱ्या पात्यांच्या रांगा, मध्ये इंधन जाळण्याची कोठी, आणि मागे तप्त वायूच्या झोताने फिरणारी पाती. मोठे टर्बाइन दर सेकंदाला सुमारे 600 किलो, म्हणजे जवळजवळ 500 घनमीटर हवा ओढते. घनमीटरात 100 मायक्रोग्रॅम धूळ धरली, आणि आपल्या शहरांत ती काही विशेष नव्हे, तर दिवसाकाठी 4 किलोंहून अधिक धूळ यंत्राच्या पोटात जाईल! ती पात्यांवर बसते आणि वीज घटते. मीठ त्याहून वाईट. त्यातील सोडियम व इंधनातील गंधक मिळून जे सोडियम सल्फेट होते ते सुमारे 884 अंश सेल्सिअसला वितळते आणि पात्यांवरील संरक्षक थर खाऊ लागते.

मग बारीक छिद्रांचे कापड लावले म्हणजे झाले, असे कोणी म्हणेल. परंतु हवेची गाळणी ही नुसती चाळणी नव्हे. जड कणाला हवेबरोबर तंतूभोवती वळता येत नाही, म्हणून तो तंतूवर आदळतो. मध्यम कण वळतो खरा, पण जाता जाता तंतूला घासतो आणि चिकटतो. अतिसूक्ष्म कण हवेच्या रेणूंचे धक्के खात, जत्रेत चुकलेल्या पोरासारखा इकडेतिकडे भटकतो आणि शेवटी तंतूला अडकतो. निसटतो तो यांच्या मधला, साधारण 0.1 ते 0.3 मायक्रॉनचा! अर्व्हिंग लँगम्यूर या शास्त्रज्ञाने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात धूर गाळण्याचा विचार करताना हे कोडे उलगडले. सर्वांत लहान कण सर्वांत अवघड असे नाही, ही गोष्ट मनाला चटकन पटत नाही. पण ती खरी आहे.

म्हणूनच एका कापडावर भागत नाही, थर लागतात. वितळलेले पॉलिप्रोपिलीन बारीक छिद्रांतून सोडून त्यावर तप्त हवेचा झोत मारला की काही मायक्रॉन जाडीच्या तंतूंची गादी तयार होते. माणसाचा केस याच्या कितीतरी पट जाड असतो. 1954 च्या सुमारास अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत व्हॅन वेंटे यांनी ही रीत बसवली. दुसरा थर टेफ्लॉनच्या पापुद्र्याचा. 1969 साली बॉब गोर यांनी तापवलेल्या टेफ्लॉनच्या कांडीला हळूहळू ताणण्याऐवजी एकदम हिसडा दिला आणि ती न तुटता कित्येक पट लांबली. अशा ताणलेल्या पापुद्र्यातून हवा जाते, पाणी जात नाही. पाठीशी पॉलिएस्टरचे मजबूत कापड. हे थर उष्णतेने किंवा डिंकाने जोडतात. डिंक जास्त झाला तर छिद्रे बुजतात, कमी झाला तर थर सुटतात. शेवटी धोतराच्या निऱ्यांप्रमाणे घड्या घालतात, म्हणजे थोड्या जागेत पुष्कळ कापड मावते.

आता परीक्षा. तेलाच्या सूक्ष्म थेंबांची धुंदी एका बाजूने सोडायची आणि दोन्ही बाजूंचे कण मोजायचे. युरोपीय मानकातील ई-12 वर्गाच्या गाळणीने सर्वांत निसटत्या आकाराचेही 200 पैकी 199 कण अडवावे लागतात. त्याबरोबर हवेला होणारा अडथळाही मोजतात, कारण तो जितका अधिक तितकी यंत्राची शक्ती श्वास घेण्यातच खर्ची पडते.

येथे एक फसगत संभवते. काही तंतूंवर विद्युतभार ठेवलेला असतो. कोरे असता ते कण ओढून घेतात व परीक्षेत पहिले येतात. वापरात भार ओसरला की खरे रूप दिसते. यासाठी 2016 च्या आंतरराष्ट्रीय मानकात कापडाला आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या वाफेत ठेवून, भार घालवून, पुन्हा मोजावयास सांगितले आहे.

दुसरी फसगत पावसाळ्याची. सापेक्ष आर्द्रता सुमारे 75 टक्क्यांवर गेली की अडकलेले मीठ विरघळते आणि साध्या कापडातून ओघळून पलीकडे उतरते. उरण किंवा गुहागरजवळचे अंजनवेल, दोन्ही वीजकेंद्रे समुद्राकाठची. तेथे हवेत अशी आर्द्रता महिनेच्या महिने असते. कोरड्या प्रयोगशाळेत उत्तीर्ण झालेले कापड तेथे नापास होऊ शकते. म्हणून मीठ लावून, भिजवून, धुळीने माखूनही कापड पाहिले पाहिजे.

सारांश, गाळणीची खरी परीक्षा ती नवी असतानाची नव्हे, मळल्यानंतरची आहे. ती परीक्षा टाळली तर तिची किंमत पाती देतात, आणि अखेर विजेचे बिल भरणारे आपण देतो.