केळीबागेतला व्होल्ट

डिसेंबर १९३६मध्ये काँग्रेसचे खेड्यातले पहिले अधिवेशन फैजपूरला भरले. अध्यक्ष होते जवाहरलाल नेहरू. त्यांनीच ४ जानेवारी १९४७ रोजी दिल्लीत राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेची कोनशिला बसवली. हा झाला योगायोग. त्या प्रयोगशाळेतल्या व्होल्टचे फैजपूरच्या शेतातल्या पंपाच्या मोटारीशी असलेले नाते मात्र खरे आहे.

फैजपूर ज्यात येते त्या रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात उन्हाळ्यातली ठरलेली तक्रार म्हणजे ‘व्होल्टेज नाही’. डीपीवर, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवर, भार वाढला की दाब पडतो, मोटार जास्त अँपिअर ओढते, तापते आणि शेवटी रिवाइंडिंगला जाते. दाब किती पडला हे मीटर सांगतो. पण मीटर खरे सांगतो, हे कोण सांगणार?

हा प्रश्न आधी तारायंत्रवाल्यांना पडला. ज्याचे त्याचे रोधाचे माप वेगळे, मग समुद्रतळाशी तुटलेली केबल शोधायची कशी? ब्रिटिश असोसिएशनने १८६१मध्ये त्यासाठी समिती नेमली. पुढे १९०८च्या लंडन परिषदेने ठरवले, की शून्य अंश सेल्सिअसला १०६.३ सेंटिमीटर लांबीच्या, १४.४५२१ ग्रॅम पाऱ्याच्या एकसारख्या जाडीच्या स्तंभाचा रोध म्हणजे एक ओहम. आणि द्रावणातून सेकंदाला १.११८ मिलिग्रॅम चांदी साठवणारा प्रवाह म्हणजे एक अँपिअर. व्होल्टसाठी वेस्टन घट होता, २० अंशांना सुमारे १.०१८३ व्होल्ट देणारा. पण घट म्हणजे रसायनच. तापमान बदलले, प्रवासात हादरा बसला, की त्याचा आकडा हलायचा.

वस्तूवर भिस्त ठेवण्याची ही सवय सुटली ती क्वांटम भौतिकीमुळे. ब्रायन जोसेफसनने १९६२मध्ये वर्तवलेल्या परिणामानुसार, दोन अतिवाहकांमधल्या पातळ थरावर सूक्ष्मलहरी सोडल्या की दाब ठरावीक पायऱ्यांनीच वाढतो आणि पायरीची उंची लहरींच्या वारंवारितेवर ठरते. अशा एका संधीचा (जंक्शनचा) दाब व्होल्टच्या लाखाव्या भागांत मोजण्याइतका. म्हणून हजारो संधी ओळीने जोडतात. क्लाउस फॉन क्लिट्झिंगने १९८०मध्ये रोधाचीही अशीच पायरी दाखवली : सुमारे २५,८१२.८ ओहम. या दोन्ही पायऱ्या ज्यांवर ठरतात त्या इलेक्ट्रॉनचा विद्युतभार आणि प्लांकचा स्थिरांक यांचे आकडेच २० मे २०१९पासून कायमचे बांधून दिले गेले.

ही अचूकता पायरीपायरीने खाली उतरते. दिल्लीच्या मानकाशी प्रयोगशाळांची उपकरणे ताडतात, त्यांच्याशी कारखान्यांची आणि वीज कंपन्यांची चाचणी-उपकरणे, आणि त्यांच्याशी घरचा मीटर. मुंबईत चुनाभट्टीची ‘आयडेमी’ ही केंद्र सरकारची संस्था असेच कॅलिब्रेशन करते. वर्ग १च्या मीटरला नेहमीच्या भाराला एका टक्क्यापर्यंतची चूक माफ असते.

ही साखळी तुटते ती शेतात. राज्यातले कितीतरी कृषिपंप मीटरविना चालतात. त्यांचा वापर अश्वशक्तीवरून अंदाजला जातो. पाच एचपी म्हणजे मोटारीने बाहेर द्यायची शक्ती, ३.७३ किलोवॉट. मोटार स्वतः वीज किती ओढते हे तिच्या कार्यक्षमतेवर, पाण्याच्या खोलीवर आणि रिवाइंडिंगच्या दर्जावर ठरते. किती तास चालली, हे तर मोटारीच्या पाटीवर लिहिलेलेच नसते. एप्रिल २०२४पासून साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना वीज मोफत आहे, म्हणून मोजण्याची गरज संपली असे काहींना वाटते. मला उलटे वाटते. ते पैसे सरकारी तिजोरीतून जातात आणि अंदाज फुगला तर विजेची गळती शेतकऱ्याच्या नावावर खपते. तेव्हा डीपीवर तपासलेला मीटर बसवा, अशी मागणी केळी उत्पादकांनीच करावी.